वरचा गंज सोडा, भोकातला बघा

गेल्या मार्चमध्ये माझा भाचा दमणहून एक सोळा फुटी फायबरची होडी टेम्पोत घालून घेऊन आला आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात उतरवली. त्यासाठी मोठ्या दरवाजाची एक फळी बिजागऱ्यांसकट काढावी लागली. होडी वीसेक वर्षांची, सगळं आयुष्य खाऱ्या पाण्यात गेलेलं. "मामा, फायबरला काय होतंय? वरचं लोखंडी सामान तेवढं घासलं की नवी," तो म्हणाला. त्याला ती चांदोदला नर्मदेत फिरवायची होती. पण १८ जानेवारी २०२४ला हरणीच्या तलावात शाळेची बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हापासून बडोद्यात होडीकडे कुणी गंमत म्हणून बघत नाही. माझ्या बहिणीने अट घातली की मामाने हो म्हटल्याशिवाय होडी पाण्यात जाणार नाही. म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं.

मी बोटवाला नाही. कलाभवनमध्ये डिप्लोमा केला आणि चौतीस वर्षं ट्रान्सफॉर्मर दुरुस्त केले. होडीत बसलो तो चांदोदलाच, वडिलांच्या अस्थी घेऊन. पण धातू कुठेही ठेवला तरी त्याच्या खोडी त्याच. अडीच महिने त्या होडीचा एकेक बोल्ट काढला, त्यातून जे हाताला कळलं ते इथे लिहितो. कुणाकडे जुनी फायबरची होडी असेल तर उपयोग होईल.

पहिल्या दिवशी पाना हातात घेऊ नका. लोहचुंबक, एक जुना रुपया, टॉर्च आणि मार्कर, एवढंच घ्या. प्रत्येक फिटिंगच्या खाली बघा: दोर बांधायचे खुंटे, नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, ओढायचा यू-बोल्ट, रेलिंगचे पाय, मागच्या आडव्या फळीवरचे इंजिनाचे बोल्ट. भोकापासून खाली तपकिरी ओघळ आला असेल तर मार्करने फुली मारा. लोक हा ओघळ घासून काढतात आणि समाधानाने चहा प्यायला जातात. ओघळ म्हणजे आत पाणी शिरतंय आणि गंज घेऊन बाहेर येतंय याची पावती आहे. पावती फाडून उधारी फिटत नाही.

मग रुपयाने फिटिंगच्या भोवती ठोकत चला. माठ घेताना वाजवून बघतो तसंच. टणटण वाजलं तर आतलं ठीक. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड भिजलंय किंवा थर सुटलाय. पुष्कळांना वाटतं फायबरची होडी म्हणजे पूर्ण फायबर. तसं नसतं. मागची फळी बहुधा प्लायवूडची असते आणि तिच्यावर दोन्हीकडून फायबरची कातडी चढवलेली असते. डेकमध्येही प्लाय, बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते या पोटात जातं आणि तिथेच राहतं.

आता स्टेनलेसबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच आहे. स्टेनलेस गंजत नाही म्हणजे काय, तर त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतं आणि तो पापुद्रा खालच्या लोखंडाला राखतो. ओरखडा पडला तर हवा लागून पुन्हा धरतो. पण हवा लागली पाहिजे. भोकाच्या आत, भिजलेल्या लाकडात, मीठ आहे, ओल आहे आणि हवा नाही. तिथे पापुद्रा एकदा तुटला की परत धरत नाही आणि स्टेनलेस साध्या लोखंडासारखं खाल्लं जातं. डोकं मात्र उन्हापावसात चकचकीत राहतं.

डाव्या खुंट्याचा बोल्ट मी काढला तेव्हा डोकं दिवाळीत घासलेल्या वाटीसारखं होतं आणि मधला भाग मुंगळ्याच्या कमरेसारखा. आठ मिलिमीटरचा बोल्ट, मधे व्हर्नियरने मोजला तर पाच भरला. भाचा म्हणाला, "अर्ध्याहून जास्त आहे की!" ताकद जाडीवर नाही, क्षेत्रफळावर जाते. आठाचा वर्ग चौसष्ट, पाचाचा पंचवीस. म्हणजे चाळीस टक्केही उरली नव्हती, आणि त्यात खड्डे पडलेले. त्याच दिवशी ठरलं की जो बोल्ट डेकमधून किंवा फळीमधून आरपार जातो तो बाहेर काढायचाच, वरून कितीही सुंदर दिसला तरी.

काढणं हेच खरं काम आहे, बाकी सगळं त्याच्यापुढे सोपं. आधी स्क्रूच्या खाचेतला जुना रंग आणि मळ टोकदार सुईने साफ करा. खाच भरलेली असेल तर पेचकस निसटतो, डोकं गोल होतं, आणि मग तुमचे दोन दिवस गेले. त्यानंतर तेल. दुकानात मिळणारा फवारा चालतो, पण मला ॲसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं-निम्मं मिसळून जास्त गुण आला. हे मिश्रण लगेच पेट घेतं, म्हणून उघड्यावर करा, बिडीवाल्याला लांब बसवा आणि जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, सांडलं तर लगेच पुसा. थेंब सोडायचा, हलकेच ठोकायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी परत. पहिल्याच संध्याकाळी जोर लावणारा माणूस बोल्ट तोडतो.

तरी हलला नाही तर उष्णता द्या, पण गॅसची ज्योत फायबरजवळ अजिबात नेऊ नका. पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं आणि ज्योत त्याच्या कितीतरी पुढे जाते. माझ्याकडे जुनी १२५ वॉटची सोल्डरिंग आयर्न होती, टोकाला बोटाएवढा तांब्याचा ठोकळा असलेली. ती स्क्रूच्या डोक्यावर पाच-सात मिनिटं टेकवून धरली. उष्णता बोल्टमध्ये उतरते, आजूबाजूला फारशी पसरत नाही. गार होऊ द्या, मग आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने. आवळताना 'कट्' असा बारीक आवाज आला की समजा सुटला. हा आवाज ऐकायला मी रेडिओ बंद करत असे.

इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीने ठोकला की फिरणारा पेचकस, वापरणार असाल तर खालून कुणीतरी लाकडाचा ठोकळा दाबून धरला पाहिजे. नाहीतर हातोडीचा दणका जेलकोटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पाडतो. खालच्या बाजूचा नट जाम असेल तर सरळ कापा. ग्राइंडर लावायचा असेल तर भोवती ओलं गोणपाट अंथरा. ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते जेलकोटमध्ये आणि शेजारच्या स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि पंधरा दिवसांनी सगळीकडे तांबडे ठिपके उमटतात.

रेलिंगचे पाय ॲल्युमिनियमचे आणि त्यांत स्क्रू स्टेनलेसचे, ही जोडी सर्वांत वाईट. दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. सांध्याभोवती पांढरी, बुरशीसारखी भुकटी दिसेल. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, म्हणून स्क्रू असा आवळला जातो की बोलायची सोय नाही. इथे तेल फारसं शिरत नाही, उष्णताच कामाला येते, कारण ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं. आमचे आठपैकी पाच निघाले. तीन तुटले. ते ड्रिलने पोखरून काढले, भोकं मोठी झाली आणि एक माप वरचे स्क्रू घालावे लागले. चालतं.

काढलेलं प्रत्येक फिटिंग वेगळ्या पिशवीत ठेवा आणि वर कुठलं ते लिहा. मी पहिल्या दिवशी लिहिलं नाही, त्यावर जास्त बोलत नाही.

मग निवड. आरपार जाणारे सगळे जुने बोल्ट भंगारात, त्यात दयामाया नको. जाड खुंटे, रेलिंगचा पाइप, यू-बोल्टची पट्टी साफ होऊ शकते, पण आधी भिंगाखाली बघा. केसासारखी चीर दिसली, विशेषतः वेल्डजवळ किंवा वळणावर, तर ती वस्तू बाद. क्रोम चढवलेली ओतीव बिजागरी फोड आल्यासारखी फुगलेली असेल तर आत जस्ताची ओतीव धातू आहे. तिला इलाज नाही. पितळेचा तळाचा बूच चाकूने खरवडून बघा. पिवळा चमकला तर ठीक, गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त पाण्याने खाऊन टाकलंय आणि उरलंय ते भुसभुशीत तांबं. आमचा गुलाबी निघाला, आणि पकडीत धरून दाबला तर बिस्किटासारखा तुटला. होडीच्या तळाला हा बूच! त्याजागी गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा, बसवला. गनमेटलवर हिरवट झाक येते, तिची काळजी नको.

साफ करताना मी एक गाढवपणा केला. रेलिंगचा एक तुकडा बाथरूम धुण्याच्या ॲसिडमध्ये बुडवून ठेवला. दहा मिनिटांत तांबडेपणा गेला, मी खूश. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाइपावर देवीचे वण. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि त्यातलं क्लोराइड हेच स्टेनलेसचं मुख्य वैरी. समुद्राने वीस वर्षांत जे केलं ते मी एका दुपारी केलं. बायको म्हणाली, "माझ्या फरशीचं ॲसिड नेलं ते नेलं, वर पाइपही घालवला."

बरोबर वस्तू स्वयंपाकघरातच होती: लिंबूसत्त्व, ज्याला इथले दुकानदार लिंबूना फूल म्हणतात. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम. फिटिंग आधी साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण घालवा, नाहीतर आम्ल पोहोचतच नाही. मग हिरव्या प्लास्टिकच्या घासणीने गंज घासा आणि वीस मिनिटं ते अर्धा तास या पाण्यात ठेवा. सायट्रिक आम्ल पृष्ठभागावरचं सुटं लोखंड उचलतं, क्रोमियमला हात लावत नाही, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन वाळवलं की हवेत पापुद्रा परत धरतो. कारखान्यात हीच पद्धत मापून वापरतात. लोखंडी तारेचा ब्रश किंवा तारेची घासणी स्टेनलेसला लावायची नाही. तिचे कण रुततात आणि तेच पुढे गंजतात. ॲल्युमिनियमला हे पाणी नको, त्याला पाणी-साबण आणि पोलिशपेपर पुरे. जेलकोटवरचे तांबडे ओघळ ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, हातमोजे घालून, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी डबा ठेवून.

नवे बोल्ट घेताना फसगत ठरलेली. बाजारात तीन जातींची नावं ऐकू येतील: २०२, ३०४ आणि ३१६. ३०४मध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. ३१६मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, म्हणून ते खाऱ्या पाण्यात टिकतं. २०२मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. घरातल्या जाळीला चालेल, होडीला नाही. एका दुकानात मला "काका, बधुं स्टेनलेस ज छे" (सगळं स्टेनलेसच आहे) म्हणत २०२ दिले. चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही, मी निर्धास्त. पण २०२लाही चुंबक चिकटत नाही. भंगारवाले एक तपासणीचं द्रव वापरतात, थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट द्यायचा, २०२वर तो लाल होतो. त्याच्याकडे नेले तेव्हा कळलं. नर्मदेच्या गोड्या पाण्याला ३०४ पुरलं असतं, पण भाच्याचा भरवसा नाही, उद्या परत दमणला नेईल, म्हणून ३१६ घेतले. स्टेनलेसच्या नटात स्टेनलेसचा बोल्ट मशीनने गरगर फिरवू नका. आटे एकमेकांत चिकटून वेल्ड झाल्यासारखे जाम होतात. आट्यांना थोडं अँटी-सीझ ग्रीस लावा आणि हाताने, सावकाश.

आता भोक, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. भोकात बोट घाला. ओल लागली, काळा भुसा आला, कुजकट वास आला तर प्लाय भिजलंय. किती लांबवर, ते आतल्या बाजूने चार मिलिमीटरची बारीक भोकं पाडून कळतं. ड्रिलचं पातं भुसा कसा आणतं ते बघा. कोरडा फिकट भुसा लागला की थांबा. आमच्या फळीत इंजिनाच्या खालच्या दोन बोल्टांभोवती चारेक इंच ओल होती. ती अख्ख्या फळीत असती तर मी काम थांबवलं असतं. मग आतली कातडी कापून पूर्ण प्लाय बदलावं लागतं आणि ते फायबरचं काम रोज करणाऱ्याकडेच द्यावं. इंजिन त्या फळीवर टांगलेलं असतं.

कुजलेलं लाकूड खरवडून काढायला एक वाकडी ॲलन की ड्रिलमध्ये बसवा आणि भोकात फिरवा. दोन्ही कातड्यांच्या मधलं लाकूड भोकाच्या कडेपासून बोटभर मागे जातं, कातड्या शाबूत राहतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, मास्क हवाच. फायबरची भुकटी अंगाला दोन दिवस चावते. त्यानंतर वाळवणं. बडोद्याचा एप्रिल फुकटचा भट्टीवाला आहे. टेबलफॅन लावून तीन आठवडे ठेवलं. घाई करू नका, ओल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही.

भरायला इपॉक्सीच. फायबरच्या दुकानात पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण जुन्या लाकडावर आणि जुन्या फायबरवर त्याची पकड कमी. शिवाय त्याच्याबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या देतात. त्या दोन्ही एकमेकींत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो. इपॉक्सी वजनकाट्यावर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट मऊ राहतं. आधी पातळ इपॉक्सी ब्रशने भोकाच्या भिंतीला पाजा, मग त्यातच सिलिकाची पूड आणि बारीक चिरलेली काच घालून श्रीखंडाएवढं घट्ट करा आणि खालून चिकटपट्टी लावून भरा. मे महिन्यात सकाळी सहाला काम करायचं आणि एका वेळी शंभर ग्रॅमच्या वर मिसळायचं नाही. मी नवाला पाव किलो मिसळलं, तर वाटी हातात धूर सोडायला लागली.

दोन दिवसांनी त्याच जागी बोल्टाच्या मापाचं भोक पाडा. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही, घट्ट इपॉक्सीच्या नळीतून जातो. पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. वरच्या तोंडाला काउंटरसिंकने थोडी वाटी पाडा. तिथे सीलंटचं कडं बसतं.

खालच्या बाजूला पूर्वी छोटे वॉशर होते. ते एवढ्याशा जागेवर दाबतात आणि कातडी चिरडते. त्याजागी मी सहा मिलिमीटरची ग्लास इपॉक्सी शीट कापून लावली, हाताच्या पंजाएवढी. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरवाल्यांना माल देणाऱ्यांकडे तिचे उरलेले तुकडे वजनावर मिळतात. ती गंजत नाही, कुजत नाही, फायबरच्याच जातीची आहे. होडीवाले ही शीट परदेशातून मागवतात म्हणे. आमच्या वर्कशॉपमध्ये तिच्या तुकड्यांवर चहाचे कप ठेवायचे.

सीलंट म्हणजे सिलिकॉन नव्हे. सिलिकॉन एकदा लावला की त्याचा तवंग राहतो आणि नंतर त्यावर काहीच चिकटत नाही. पाण्याच्या वरच्या फिटिंगांना ब्युटाइल टेप उत्तम, पाण्याखाली पॉलिसल्फाइड. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन जपून, कारण पुढच्या वेळी काढणारा तुम्हाला शिव्या देईल. बोल्टाच्या डोक्याखाली टेपची वळी गुंडाळा, बोल्ट घाला, आणि एकाने वरून डोकं पेचकसाने घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्याने खालून फक्त नट फिरवायचा. डोकं फिरलं की सील पिळून तुटतं. टेप कडेने बाहेर आली की थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं आवळा, उन्हात तिसऱ्यांदा. ॲल्युमिनियमच्या पायांखाली नायलॉनचे वॉशर आणि स्क्रूंवर नायलॉनची नळी घातली, म्हणजे दोन धातू एकमेकांना भेटणारच नाहीत.

नांगर आणि साखळी साध्या लोखंडाची होती. घासून जस्ताच्या कढईत बुडवून आणली. इथे विजेच्या टॉवरचं काम चालतं, त्यामुळे गॅल्व्हनायझिंगवाले सापडतात. ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, घरच्या चंदेरी रंगाशी त्याची तुलना नको. इंजिनाच्या पायाशी बलिदानाचा एक तुकडा असतो, जो स्वतः झिजून बाकीचं वाचवतो. दमणला तो जस्ताचा होता. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरून ते झोपी जातं, म्हणून चांदोदसाठी मॅग्नेशियमचा लावला. खाऱ्या पाण्यात नेलं तर तो भराभर संपेल, तेव्हा बदलायचा. त्याला रंग लावायचा नाही आणि निम्मा झिजला की नवा.

पावसाळ्यात नर्मदेला पूर असतो, म्हणून दसऱ्यानंतर होडी मल्हारराव घाटावर उतरवली. तासाभराने डेकखाली डोकं घालून प्रत्येक नटाभोवती टिश्यू पेपर दाबून बघितला. अकरा कोरडे. बारावा, उजव्या खुंट्याचा, ओला. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, तो एकच मी एकट्याने आवळला होता, वरून." पुढच्या रविवारी तो काढला, टेप बदलली, आणि या वेळी पेचकस मी धरला.